पाहुणा व्हायला कुणी तयार नाही

गिरगावात स्वतःला पाहुणा म्हणवून घ्यायला कुणी तयार नसतं, हे मला या धंद्यात पडेपर्यंत ठाऊक नव्हतं. लग्नाला बोलावलं तर लोक येतात, पंगतीत बसतात, आहेर करतात, बडीशेप तोंडात टाकून निघतात. तेवढ्यापुरते ते पाहुणे असतात. पण एखाद्या संस्थेच्या दारात उभं राहून ‘तुम्ही इथले पाहुणे’ असं म्हणून बघा. माणूस लगेच आजोबांपर्यंत पोचतो. आजोबांनी इथे पंखा दिला होता. मामा इथे कार्यवाह होते. आपण लहानपणी याच गच्चीवर पतंग उडवलेत. मग पाहुणा कोण? तो दुसरा, जो आत्ता बाकावर बसलाय आणि ज्याला आपण ओळखत नाही.

माझं कामच पाहुण्यांना वेगळं ठेवायचं आहे, म्हणून हे सांगतोय. मी संगणकांची जोडणी करतो. दवाखाने, छोट्या कचेऱ्या, दुकानं, सभागृहं. राहायला लालबागला आणि कामं गिरगावपासून दादरपर्यंत. लोक मला ‘वायफायवाला’ म्हणतात, आणि पाण्याची टाकी साफ करणाऱ्याला ज्या आवाजात हाक मारतात त्याच आवाजात मारतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. टाकीवाल्याचं निदान ऐकतात.

आणखी एक आधीच सांगून टाकतो. मला अपराधी वाटायची सवय आहे. कुठे इंटरनेट बंद पडलं की ते माझ्यामुळेच पडलं असं आधी वाटतं, आणि मग मी तपासायला लागतो. बायको मालवणकडची. ती म्हणते, “कोणी इचारूक नाय, तरी तुमी आधीच कबूल करतास.” तेव्हा पुढे मी लोकांना नावं ठेवणार आहे, ती वाचताना एवढं लक्षात असू द्या की ठेवताना मलाही बरं वाटत नाहीये. पण ठेवणार आहे.

धंदा थोडक्यात असा. तुमच्या दवाखान्यात एक इंटरनेट येतं. ते एका खोक्यात शिरतं, त्याला आम्ही स्विच म्हणतो. तिथून तारा निघतात. एक काउंटरला, एक लॅबला, एक डॉक्टरांच्या टेबलाला, आणि एक छतावरच्या त्या पांढऱ्या ताटलीला, जिच्यातून वायफाय मिळतं. यावर जे कोणी येतात ते एकमेकांना दिसू शकतात. बाकावर बसून मोबाइल चाळणारा माणूस आणि रक्ताचे रिपोर्ट साठवणारा लॅबमधला संगणक हे एकाच खोलीत बसल्यासारखे असतात. त्या माणसाच्या मनात काही नसेलही. पण त्याच्या फोनमध्ये काय शिरून बसलंय ते त्यालाही माहीत नसतं.

आता दोघांसाठी वेगळ्या तारा आणि वेगळी खोकी कोण घेणार? म्हणून व्हीलॅन नावाची युक्ती. तार तीच, खोकं तेच, पण आतून जाणाऱ्या प्रत्येक निरोपाला एक नंबर चिकटवायचा. दहा नंबर घरच्यांचा, वीस नंबर पाहुण्यांचा. वाटेतल्या प्रत्येक खोक्याला शिकवायचं, की वीस नंबरवाला आला तर त्याला सरळ रस्त्यावर सोड, म्हणजे इंटरनेटवर. घरातल्या कुठल्याही दारात त्याला उभा करायचा नाही. दोघं एकाच तारेतून खांद्याला खांदा लावून जातात आणि एकमेकांना दिसत नाहीत. भिंत आहे, पण हात लावायला वीट नाही. माझ्या धंद्याचं दुर्दैव तिथेच आहे. भिंत दिसत नसेल तर आपल्या लोकांना ती आहे असं वाटत नाही. आणि आहे असं पटलं, तर ती आपल्यासाठी नाही याची त्यांना खात्री असते.

लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात जाहिरातींची कचेरी आहे. माझे वडील ज्या खात्यात पाळ्या करायचे तसल्याच खात्याच्या भिंती तिथे मुद्दाम उघड्या ठेवल्यात, वर पिवळे दिवे सोडलेत. तिथल्या तरुण मालकाने माझ्याकडून आतलं आणि बाहेरचं अशी दोन नेटवर्कं करून घेतली. सुरक्षिततेवर इंग्रजीत मला भाषण दिलं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा आतल्या नेटवर्कचा पासवर्ड चहाकॉफीच्या खोलीत भिंतभर रंगवलेला. “सर, इट्स अ वाइब,” तो म्हणाला. येणारा प्रत्येक पाहुणा त्या भिंतीपुढे उभा राहून फोटो काढून घेत होता. वाइब सगळ्यांच्या फोनमध्ये जात होता.

भायखळ्याला भाजीबाजाराजवळ एक खानावळ आहे. मालकाने गिऱ्हाइकांना फुकट वायफाय दिलं, आणि ते त्याच जोडणीवर जिच्यावर त्याचे कॅमेरे होते. एका गिऱ्हाइकाने वरण-भात येईपर्यंत फोनवर काहीतरी दाबलं आणि त्याला थेट स्वयंपाकघर दिसायला लागलं. शेजारच्या टेबलावर कुणी न खाल्लेला पापड परत डब्यात जाताना त्याने पाहिला. मग जो आरडाओरडा झाला तो झाला. मालकाने मला घाईने बोलावलं.

“सुर्वे, बोल लवकर, काय बंद करू? कॅमेरा की वायफाय?”

“आधी पापड,” मी म्हटलं.

त्याला राग आला. त्याने कॅमेरा बंद केला.

हे हसण्यावारी नेता येतं. पुढचं जात नाही. गिरगावात एक धर्मादाय दवाखाना आहे. नाव सांगत नाही, आणि माणसांची नावंही बदलतो. तळमजल्यावर दवाखाना आणि रक्त-लघवी तपासायची लॅब. वर संस्थेचं कार्यालय आणि सभागृह. दर कमी आणि तपासणी चोख, त्यामुळे आजूबाजूच्या साऱ्या चाळी तिथेच येतात. काउंटरवर अश्विनी बसते. तिशीची असेल. नोंदणी तीच करते, रिपोर्टची पाकिटं तीच देते, आणि दिवसभर तोंड चालू. कोणाच्या मुलाला कुठे प्रवेश मिळाला, कोणाच्या घरी टाइल्स बसल्या, कोळणीने आज काय आणलंय, सगळं तिच्याकडे. मी शिडीवर चढून वायर ओढत असायचो आणि ती खालून मला माझ्याच लालबागच्या बातम्या द्यायची.

वेगळ्या नेटवर्कची मागणी तिचीच. जाड भिंतींमुळे तिथे फोनला रेंज नाही, आणि थांबलेले लोक सारखे वायफाय मागायचे.

“सुर्वेकाका, यातून सोडवा मला. द्यावं तर चूक, नाही दिलं तर म्हणतात हिला माज आलाय.”

मी सोडवलं. दहा नंबर दवाखान्याचा, वीस नंबर थांबलेल्यांचा. फोनवर दिसेल असं वीसचं नाव ठेवलं ‘पाहुणे’. पासवर्ड भिंतीवर लावला, कारण तो लपवायची गरजच नव्हती. अध्यक्षांनी नाव मराठीत ठेवल्याबद्दल माझी पाठ थोपटली. आठवडाभर मी खुशीत होतो.

मग अप्पासाहेब आले. ते संस्थेचे विश्वस्त आणि उपाध्यक्ष, बँकेतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि जिन्यातून चढताना प्रत्येकाची चौकशी. कुणाच्या घरी कोणी गेलं तर खांदा द्यायला पहिले, कुणाच्या पोराला नोकरी हवी तर शब्द टाकायला पहिले. हे सगळं खरं आहे, आणि मी ते मुद्दाम आधी लिहितोय, कारण नंतर माझ्या हातून ते लिहून व्हायचं नाही.

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. “हे काय आहे?”

“वायफाय, अप्पासाहेब. ‘पाहुणे’वर बोट ठेवा. पासवर्ड समोर भिंतीवर...”

“मी पाहुणा?”

“तसं नाही. संस्थेच्या संगणकांवर जे काम करत नाहीत ते सगळेच...”

“जिन्यात संगमरवरावर माझ्या आजोबांचं नाव आहे. वाचलंत?”

“वाचलंय.”

“मग त्यांचा नातू इथे पाहुणा कसा?”

मी त्यांना तार, नंबर, भिंत सगळं सांगितलं. कर्ज थकवलेल्या माणसाची सबब ऐकावी तसं त्यांनी ऐकून घेतलं. “म्हणजे बाकावरचा सोम्यागोम्या आणि मी, आम्ही एकाच नंबरचे?”

“हो,” मी म्हटलं. जरा जास्तच आनंदाने म्हटलं असणार.

“सुर्वे, आमच्या घरात पूर्वी कामाच्या बाईचा कप वेगळा असायचा, खिडकीत ठेवलेला. माझ्या बायकोने ती पद्धत मोडली. आणि तुम्ही ती पुन्हा सुरू करताय?”

वाक्य इतकं चांगलं होतं की त्याच्यातली लबाडी कळायला मला घरी पोचेपर्यंत वेळ लागला. कप सगळ्यांना एकच असावा असं त्यांचं म्हणणं नव्हतंच. बाकावरचे लोक खिडकीतल्या कपात खुशाल पिऊ देत. तो कप त्यांच्या हातात आला, ही त्यांची तक्रार होती.

दुसऱ्या दिवशी मी तिसरं नेटवर्क केलं. तीस नंबर, नाव ‘विश्वस्त’. खरं सांगायचं तर वीस आणि तीसमध्ये नावाखेरीज काडीचा फरक नव्हता. दोघांनाही तेवढाच रस्ता दिसायचा आणि घरातली तेवढीच दारं बंद. अप्पासाहेब खूश झाले. “आता कसं सुटसुटीत झालं,” म्हणाले. त्यांचं पाहून कार्यकारिणीच्या सदस्यांनी ‘आमचं काय?’ विचारलं. मग देणगीदारांनी विचारलं. महिला विभागाने विचारलं नाही, नाव कळवलं. फोन उघडला की देणगीच्या फलकासारखी यादी यायची, आणि प्रत्येकाला वाटायचं की आपलं इंटरनेट जरा जास्त वेगाने चालतं. मी घरी येऊन बायकोला हे सांगून पोट धरून हसलो आहे. इतकं हसायला नको होतं.

कारण एक दिवस अप्पासाहेबांना त्यांच्या लॅपटॉपवरून सभेची सूचना छापायची होती. प्रिंटर दहा नंबरमध्ये. तीसवाल्याला तो दिसेना. “संस्थेच्या विश्वस्ताला संस्थेचा प्रिंटर दिसत नाही!” हे वाक्य कार्यकारिणीच्या सभेत उच्चारलं गेलं आणि त्यावर चक्क ठराव झाला: विश्वस्तांना आतल्या नेटवर्कचा पासवर्ड सन्मानपूर्वक देण्यात यावा.

मी अध्यक्षांना जाऊन भेटलो. सांगितलं, की सूचना छापायची तर खाली पाठवा, अश्विनी छापून देईल. सांगितलं, की लॅबचे रिपोर्ट ज्या फोल्डरमध्ये आहेत तो आतल्या सगळ्यांना उघडा आहे. डॉक्टरांना दर वेळी पासवर्ड टाकायचा कंटाळा येतो, म्हणून त्यांनीच तो तसा ठेवायला लावला होता. बाहेरची भिंत भक्कम म्हणून आतल्या दारांना कड्या नव्हत्या.

“अहो सुर्वे, परकं कोण आहे? सगळी आपलीच माणसं,” अध्यक्ष म्हणाले.

मी दोन वाक्यं बोललो होतो. तिसरं बोललो नाही.

वर्धापनदिनाला अप्पासाहेबांचा पंचाहत्तरीनिमित्त सत्कार होता. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि मग अध्यक्षांनी एक बंद पाकीट त्यांच्या हातात दिलं. माइकवरून म्हणाले, “आजपासून अप्पासाहेब अधिकृतपणे आतले!” टाळ्या पडल्या. पाकिटात पासवर्ड होता. मी मागच्या रांगेत बसून बटाटेवडा खात होतो. माझ्या आयुष्यात मी बनवलेल्या पासवर्डला तेवढ्याच टाळ्या मिळाल्या.

आता केतकीकडे येतो. दवाखान्याच्या मागच्या चाळीत राहते, तिसऱ्या मजल्यावर, आईबरोबर. वडील गेले. फोर्टात एका कचेरीत कामाला आहे. त्याच मजल्यावर, त्याच गॅलरीत, अश्विनीचं घर. केतकीचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा दादरचा, घर अप्पासाहेबांच्या ओळखीतलं. केतकी शहाणी मुलगी. लग्नाआधी करतात ती थॅलेसेमियाची तपासणी तिने आपणहून करून घेतली. त्यात ‘मायनर’ निघालं. म्हणजे आजार नाही. माणूस आयुष्यभर ठणठणीत असतो. फक्त जोडीदारही तसाच असेल तर मुलांच्या बाबतीत विचार करावा लागतो. म्हणून तिने ठरवलं होतं, की रविवारी मुलाला भेटायचं, स्वतः सांगायचं आणि त्यालाही तपासून घ्यायला सांगायचं.

रविवार यायच्या आत दादरहून निरोप आला, की पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर कधीच जुळली होती. पेढे वाटायचे तेवढे बाकी होते.

मग गॅलरीत एकच प्रश्न. रिपोर्ट कोणाला माहीत होता? केतकीला, डॉक्टरांना आणि काउंटरवरच्या त्या बडबड्या मुलीला. उत्तर शोधायला कुणाला वेळ लागला नाही. केतकीच्या आईने अश्विनीशी बोलणं टाकलं. तिच्यापाठोपाठ बाकीच्या बायकांनी टाकलं. नळावर अश्विनी आली की गप्पा थांबायच्या. संस्थेकडेही तक्रार गेली, आणि अश्विनीला कामावरून काढायचं असं जवळजवळ ठरलं.

“नोकरी दुसरी मिळेल हो काका,” अश्विनी मला म्हणाली. नेहमीची बडबड कुठे गेली होती कोण जाणे. “पण घर कुठून मिळणार दुसरं? मला त्याच गॅलरीत म्हातारं व्हायचंय. मी काउंटरवर बसून हजार गोष्टी बोलते, पण पाकिटातलं कधी बोलले नाही. हे आता कोणाला सांगू आणि कोण ऐकेल?”

सभेला मला बोलावलं होतं. माझं काम काय, तर यंत्रणा सुरक्षित आहे एवढं सांगायचं. यंत्रणा सुरक्षित ठरली म्हणजे फुटणारं फक्त माणूस उरतं, आणि ते माणूस बाहेर स्टुलावर बसलं होतं.

“सुर्वे, बाहेरचा कोणी आपल्या लॅबमध्ये शिरू शकतो का?” अध्यक्षांनी विचारलं.

“बाहेरचा नाही.”

“झालं तर मग.”

“आतला शिरू शकतो,” मी म्हटलं. “दहा नंबरवर जो कोणी असेल त्याला तो फोल्डर दिसतो. शिरावंसुद्धा लागत नाही. नुसतं उघडलं तरी पुरे.”

कोणीतरी विचारलं, “दहा नंबरवर कोण कोण आहे?”

मी काही बोलायच्या आत अप्पासाहेबांनी हात वर केला. वर्गात गुरुजींनी हजेरी घ्यावी आणि मुलाने ‘हजर’ म्हणावं तसा. “मी आहे की. मीच उघडला होता. प्रिंटर शोधत होतो, तेवढ्यात लॅबचा संगणक दिसला. बघितलं तर सगळी आपलीच नावं. केतकीचंही दिसलं, म्हणून वाचलं.”

“आणि?”

“आणि काय? दादरला फोन केला. मध्यस्थ मी होतो. उद्या काही निघालं तर लोक मलाच विचारणार ना, अप्पा, तुम्हाला माहीत नव्हतं?”

त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याचं चिन्ह नव्हतं. अश्विनीला काढायची चर्चा ते मघापासून ऐकत होते, मानही डोलावत होते. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. रिपोर्ट फुटणं ही वाईट गोष्ट; ती नोकर माणसं करतात. आपण केली ती जबाबदारी.

मला वाटलं, आता काहीतरी होणार. निदान कोणीतरी ‘अरेरे’ म्हणेल. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“म्हणजे रिपोर्ट बाहेर गेलाच नाही,” ते म्हणाले. “अप्पा विश्वस्त आहेत. त्यांनी वाचला म्हणजे संस्थेनेच वाचला. मग फुटला कुठे?”

“बरोबर आहे,” दोघातिघांनी एकदम म्हटलं. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. जे फुटलंच नाही ते अश्विनीने फोडलं असं कसं म्हणता येईल? तिला काढायचं कारणच उरलं नाही. इतक्या घाणेरड्या वाटेने आलेला न्याय मी पाहिला नव्हता, आणि मी तो मुकाट्याने घेतला. केतकीचं काय, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. चहा आला.

अश्विनीला आत बोलावून सांगितलं, तुझी काही चूक नाही, जा, कामाला लाग. ती जागची हलली नाही.

“मग हे केतकीच्या आईला कोण सांगणार?”

“अगं, संस्थेची गोष्ट संस्थेतच राहू दे,” अध्यक्ष म्हणाले. “बाहेर बोभाटा कशाला?”

ज्या संस्थेतून एका मुलीच्या रक्ताचा हिशेब दादरपर्यंत फोनवरून गेला, त्या संस्थेला हे एवढं वाक्य मात्र भिंतीआड ठेवायचं होतं.

मी त्याच दिवशी फोल्डरला कडी घातली. ज्याचं काम त्याच्या नावाने, त्याच्या पासवर्डने, बाकी कोणाला नाही. डॉक्टर कुरकुरले. अप्पासाहेबांना परत तीसवर पाठवलं. ते मला जिन्यात म्हणाले, “सुर्वे, तुमचा माझ्यावर विश्वास नाही.” मी ‘तसं नाही’ म्हटलं. तसंच होतं.

पण कडीने गॅलरीतलं काही सुधारणार नव्हतं. अश्विनी मला म्हणाली, “काका, तुम्ही चला माझ्याबरोबर. मी सांगितलं तर काकूंना वाटणार, हिने गोष्ट रचली. तुम्ही यातले आहात.” मी आढेवेढे घेतले. संस्थेचं काम माझ्याकडे आहे, ही बातमी वर पोचली तर राहणार नाही, हे मनात होतं. तिला ते दिसलं असावं. ती नुसती उभी राहिली. मी गेलो.

शनिवारची दुपार होती. केतकीची आई दारात बसून गवार मोडत होती. अश्विनीला पाहून तिने मान खाली घातली आणि शेंगा जरा जोरात मोडायला लागली. केतकी आतून आली. मी माझी ओळख दिली आणि सांगितलं, की रिपोर्ट अश्विनीने फोडला नाही, दादरला फोन अप्पासाहेबांनी केला.

“काहीतरीच काय!” आई म्हणाली. “हे गेले तेव्हा सगळं अप्पांनी उभं राहून केलं. ते असं करायचे नाहीत. तुम्ही हिची बाजू घेऊन आलात.”

“आई, फोन अप्पांनीच केला,” केतकी म्हणाली. “मला जिन्यात भेटले तेव्हा स्वतःच म्हणाले. काळजी करू नकोस, मी त्यांच्या कानावर घातलंय. तुला मी सांगितलंही होतं, तू मानलं नाहीस.” मग तिने अश्विनीकडे पाहिलं. “पण अप्पांना कोणी सांगितलं? मला एवढंच कळलं पाहिजे.”

“कोणीच नाही,” मी म्हटलं.

आणि मग मी आयुष्यात पहिल्यांदा माझा धंदा नीट समजावून सांगितला असेन. नंबर नाही, व्हीलॅन नाही. म्हटलं, वहिनी, खाली लॅबमध्ये एक कपाट आहे असं समजा. त्यात सगळ्यांची पाकिटं. कपाटाला कुलूप नव्हतं. आणि अप्पासाहेबांना वर बसल्या बसल्या हात लांब करून ते कपाट उघडता येत होतं. त्यांनी उघडलं. अश्विनी तेव्हा काउंटरवर होती, तिला पत्ताही नव्हता.

“म्हणजे मध्ये माणूस नाहीच?” आईने विचारलं.

“नाही.”

तिचे हात थांबले. मग हळूच विचारलं, “सगळ्यांचीच पाकिटं होती?”

“लॅबमध्ये ज्यांची तपासणी झाली त्या सगळ्यांची.”

“माझंही?”

“तुझं कसलं?” केतकी वळली. “तू कधी गेली होतीस लॅबमध्ये?”

आईने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. तिचा चेहरा उतरलेला मला दिसला, केतकीला तो दिसायच्या बेतात होता, आणि हे माझ्यामुळे झालं होतं.

“अगं, साखर बघितली होती त्यांनी,” अश्विनी म्हणाली. अगदी तिच्या काउंटरवरच्या आवाजात, तोच वेग. “मागे एकदा डोळ्याचं औषध न्यायला आल्या होत्या ना, मीच मागे लागले, काकू, आल्याच आहात तर बघून घ्या. काही नव्हतं, नॉर्मल. आता मला आठवतं, तुम्हाला कसं आठवत नाही? आणि ही गवार कुठून घेतलीत? कोवळी आहे हो. आमच्याकडे काल आणली ती नुसत्या दोऱ्या.”

केतकी पाणी आणायला आत गेली.

तिची आई अश्विनीकडे बघत होती. मग तिने गवारीचं ताट दोघींच्या मध्ये सरकवलं. अश्विनी उंबऱ्याशी बसली आणि शेंगा मोडायला लागली. समोरच्या दारातली बाई कपडे वाळत घालता घालता थांबून बघत होती. केतकीच्या आईने तिला दिसेल असं, ऐकू जाईल असं म्हटलं, “बस गं अश्विनी. चहा टाकते.”

चहा पिऊन निघालो. अश्विनी मला पोचवायला जिन्यापर्यंत आली. चपला पायात सरकवता सरकवता मी आवाज खाली आणून विचारलं, “खरंच साखरच होती ना गं?”

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“काका,” ती म्हणाली, “तुम्ही तुमच्या वायरी बघा.”